ऑक्टोपसच्या कपाळावरची आठी

असाकुसा, टोकियो
४ ऑक्टोबर १९७१

ताई,

हे नववर्षाचं छापील कार्ड नाही, हे पाकिटाच्या जाडीवरूनच तुला कळलं असेल. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

परवा दुकानात कुरामोचीसाहेब आले होते. तुला ते माहीत नसणार. सोया सॉसच्या मोठ्या पेढीचे म्हातारे मालक. पेढी मुलावर सोपवली आहे आणि स्वतः दिवसभर जुनी नेत्सुके, कुणाच्या तरी आजोबांच्या कमरपट्ट्याला लटकलेली ती चिमुकली कोरीव कामं, कुरवाळत बसतात. हस्तिदंताला हात लावत नाहीत, लाकडाला नाक मुरडतात. त्यांना फक्त हरणाच्या शिंगातलं काम लागतं. म्हणून तर बाबा गेल्यावरही ते आपल्या दुकानाची पायरी चढतात. त्यांच्या जवळपास प्रत्येक वस्तूची एखादी भेग मी बुजवलेली आहे.

या वेळी भेग मोठी होती. सुनेने खोलीत नवा रॉकेलचा स्टोव्ह आणला, हवा कोरडी पडली आणि त्यांचं सगळ्यात लाडकं नेत्सुके तडकलं. रेशमी रुमालात गुंडाळून, आजारी नातवाला आणावं तसं छातीशी धरून आणलं होतं. म्हणाले, "कायोबाई, हे तेइगानचं आहे. दीडशे वर्षांपूर्वीचं. याला काही झालं तर मला जेवण जाणार नाही."

मी रुमाल सोडला. मडक्यातून बाहेर यायला धडपडणारा ऑक्टोपस. पाच भुजा मडक्याच्या काठावर, तीन अजून आत. आणि मडकं कसं, तर समुद्रात वर्षानुवर्षं पडून खरबरीत झालेलं, भोकाभोकांचं. शिंगाच्या मधला जाळीदार गाभा, जो सगळे कारागीर घाण म्हणून कोरून टाकतात, तोच त्या मडक्याचं अंग झाला होता.

ताई, असा गाभा वापरणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं आहे.

तरीही मी स्वतःला म्हटलं, कायो, घाई करू नकोस. मग मी तो उलटा केला आणि ऑक्टोपसचं तोंड पाहिलं. कपाळाला आठी, एक डोळा बारीक, ओठ पुढे काढलेले. सार्वजनिक न्हाणीत पाणी फार गरम असलं की बाबांचा व्हायचा तोच चेहरा! मला हसू फुटलं. कुरामोचीसाहेब दचकून म्हणाले, "का हो, वाचणार नाही का?" मी म्हटलं, "वाचेल, वाचेल. जुनं दुखणं आहे, इतकंच."

हा तू केलास. नाही म्हणू नकोस. मी चौदा वर्षांची होते आणि तू खिडकीपाशी बसून शिंग घासत असायचीस तेव्हा जळक्या केसांसारख्या त्या वासाने माझं डोकं उठायचं. काय करतेस विचारलं की म्हणायचीस, "बाबांना मडक्यात घालतेय." मला वाटायचं, चेष्टा करते आहेस.

मडक्याच्या बुडाला कोरलेलं आहे 'तेइगान'. ते अक्षर तुझं नाही. ते कुणाचं आहे हे मी लिहीत नाही. आपण दोघी त्याच अक्षरातल्या दुकानाच्या पाट्या वाचत मोठ्या झालो.

आता तुला का लिहिते आहे ते ऐक. कुरामोचीसाहेब आपला सगळा संग्रह एका संग्रहालयाला देऊन टाकणार आहेत. त्याआधी नोव्हेंबरात उएनोला प्रदर्शन आहे आणि जाहिरातीच्या कागदावर हाच ऑक्टोपस छापला आहे. एकदा संग्रहालयाच्या काचेत 'तेइगान' अशी चिठ्ठी लागली की मग आपण मेल्यावरही ती तिथेच राहणार.

काय करू ते कळव. मी अजून कुणाला काही बोललेले नाही.

कायो

*

असाकुसा
१५ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं म्हणून मी ते चहाबरोबर वाचणार होते, पण चहा ओतेपर्यंत पत्र संपलंसुद्धा. "भेग बुजव. वस्तू परत दे. मेलेल्या माणसाला उठवू नकोस. इकडे थंडी पडली आहे." थंडीचं कळवलंस हे बरं केलंस, नाहीतर मला वाटलं असतं तू रागावली आहेस.

भेग बुजवली. इतकी छान बुजवली की तुलाही सापडणार नाही. पैज लाव.

आणि मेलेल्या माणसाला मी उठवत नाही. मी जिवंत माणसाला हलवते आहे. ते माणूस तिकडे दूर समुद्रकाठी वाजिमात बसून नवऱ्याच्या लाखेच्या वाट्या पुसतं आणि मी कधी शिंगाला हात लावलाच नव्हता असा आव आणतं.

ती रात्र मला आठवते. तू योकोहामाच्या त्या जुन्या वस्तूंच्या विक्रीतून परत आलीस तशी चपला न काढता आत गेलीस. कागदी दारापलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. तू म्हणालीस, "ऑक्टोपसवर माझं नाव घाला. तिथे सगळे म्हणत होते, असा हात आता कुणाचा राहिला नाही. मी त्यांच्या शेजारी उभी होते, बाबा!" आणि बाबा म्हणाले, "एकोणीस वर्षांच्या पोरीचं नाव घातलं असतं तर त्यांनी हातात तरी घेतलं असतं का?" तू त्यांच्यासमोर तुझी हत्यारं ठेवलीस, मोडली नाहीस, फेकली नाहीस, नुसती ठेवलीस. मला तेच जास्त भीतिदायक वाटलं. पुढच्या वसंतात तुझं लग्न झालं. आणि बाबा गेले तेव्हा तू आली नाहीस म्हणून मी तुला ते जळजळीत कार्ड पाठवलं. त्यात जे लिहिलं होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

आता एक गोष्ट सांगते. बसून वाच. गेल्या पत्रात मी लिहिलं की कुणाला बोलले नाही. ते खोटं होतं. मी कुरामोचीसाहेबांना त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

काय करणार? ते समोर बसून त्या तेइगानचे गोडवे गात होते. "काय धीराचा माणूस असेल! एकटाच राहत असेल बहुतेक, डोंगरात." मला राहवेना. मी आत गेले, देव्हाऱ्याजवळचा बाबांचा फोटो काढून आणला आणि ऑक्टोपसशेजारी ठेवला.

म्हाताऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फोटो पाहिला, ऑक्टोपस पाहिला. मग हसायला जी सुरुवात केली, की मला वाटलं आता डॉक्टरला बोलवावं लागणार. "म्हणजे वीस वर्षं मी रोज सकाळी तुमच्या बापाचं, गिन्पेईचं तोंड बघत होतो! आणि तो समोर बसून मला चहा पाजायचा!"

मग डोळे पुसून म्हणाले, "कायोबाई, खरं सांगू? शंका मला पहिल्या दिवसापासून होती. तेइगानची बाकीची कामं सुबक आहेत, पण थंड आहेत. हा ऑक्टोपस चिडलेला आहे. ज्याने केला त्याचं याच्यावर प्रेम होतं आणि त्याला याचा रागही येत होता. पण हातात इतकी सुंदर वस्तू असली की माणूस प्रश्न विचारत नाही. विचारला तर ती जाईल अशी भीती वाटते."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता ज्याने केला त्याला विचारा," ते म्हणाले. मी म्हटलं, "ज्याने नाही, जिने." तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुन्हा काढून पुसला. माझ्या ताईने, असं सांगताना मला काय वाटलं ते तुला नाही कळायचं.

ते तुझ्या होकाराशिवाय काही करणार नाहीत. मीही नाही. पण होकार दे.

कायो

*

असाकुसा
२९ ऑक्टोबर

ताई,

या वेळचं पत्र जाड निघालं. तुला एवढं रागावता येतं हे मी विसरलेच होते. दोनदा वाचलं. आता एकेक मुद्दा घेते.

तू म्हणतेस मी उतावळी आहे. आहे.

तू म्हणतेस, बाबांनी आयुष्यभर शंभर चांगली कामं केली, लोक त्यांना एका खोट्या सहीने ओळखतील. असेल. पण ती सही त्यांनी केली आहे. मी नाही, तू नाही. बाबांवर माझी माया तुझ्यापेक्षा कमी नाही. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना भाताची पेज मी भरवली. आणि मला ठाऊक आहे, त्यांना ते आतून खात होतं. तुझी हत्यारं त्यांनी मला कधी वापरू दिली नाहीत. दर पावसाळ्यात स्वतः तेल लावून ठेवायचे. मी मागितली की म्हणायचे, "ती तुझ्या मापाची नाहीत." माझे हात तुझ्याएवढेच आहेत, ताई!

आणि तू म्हणतेस की खोट्या सह्या करणाऱ्याच्या मुलीकडे दुरुस्तीला कोण देणार, माझं पोट कसं चालणार. हे मात्र तू खरं बोललीस. लपवत नाही. निहोनबाशीचे मुनेकाता गेल्या आठवड्यात आले होते, साहेबांनी चिठ्ठीचं काम अडवलं त्यावरून त्यांना वास लागलेला. जुन्या वस्तूंचे मोठे दलाल, बोलणं मधासारखं. तांदळाच्या पापडांचा डबा घेऊन आले, गुडघे दुमडून बसले आणि म्हणाले, "कायोबाई, म्हातारपणी माणसाला कशाकशाचे भास होतात. कुरामोचीसाहेबांना झालाय, तुम्हाला व्हायला अजून वेळ आहे. तुमच्याकडे मी किती कामं पाठवतो! माझ्या गिऱ्हाइकांना शांत झोप लागली पाहिजे. उद्या तेच विचारायला लागले, की या दुकानातून आणखी काय काय जुनं होऊन बाहेर पडलं, तर मी काय सांगू?"

मी म्हटलं, "खरं सांगा. मलाही माहीत नाही. या, आपण दोघं मिळून शोधू."

पापडांचा डबा परत न्यायला ते विसरले. चांगले होते पापड.

तेव्हा माझ्या पोटाची काळजी तू करू नकोस. ती माझी मी करते, आणि बरी करते. तू मला फक्त एक सांग. योकोहामाला ते सगळे तुझ्या कामाची वाहवा करत होते आणि तू शेजारी मुकाट उभी होतीस, ते तुला अजून रात्री आठवतं की नाही? आठवत नसेल तर नाही म्हणून कळव. मी तोंड मिटून घेईन, ऑक्टोपस 'तेइगान' म्हणून जाईल आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही.

मला लहानपणी तुझ्या हाताचा फार हेवा वाटायचा. आयुष्यभर वाटत आला. तो हेवा मला परक्या माणसाच्या नावावर चढवायचा नाही.

कायो

ता. क. पत्र टपालात टाकायला निघाले तेवढ्यात शेजारच्या तोफूवालीने हाक मारली, तिच्याकडे माझा फोन आला होता. भाऊजी! किती हळू बोलत होते, जणू कपाटात लपून फोन करताहेत. "कायो, तुझी ताई तीन दिवस भांडी आपटतेय. काल आमटीत मीठ दोनदा पडलं. मी गपचूप प्यायलो."

मी घाबरून विचारलं, "मग भाऊजी, मी थांबू का?"

"छे छे," ते म्हणाले, "आपटतेय म्हणजे येणार. येणार नसती तर गाणं म्हणत बसली असती."

*

असाकुसा
२४ नोव्हेंबर

ताई,

हे पत्र तुझ्यासाठी नाही. भाऊजींसाठी आहे. त्यांना वाचून दाखव. त्यांचा पुन्हा फोन आला होता. म्हणाले, "ती आली, जेवली, झोपली. उएनोला काय झालं विचारलं तर म्हणते, गर्दी होती. एवढंच! मी इथे जीव मुठीत धरून बसलो होतो आणि मला काय मिळालं, तर गर्दी." तेव्हा भाऊजी, ऐका.

तुमची बायको स्टेशनवर उतरली ती घरच्याच जाड कापडाच्या किमोनोत, हातात वाळवलेल्या माशांची पिशवी. मला पाहिल्यावर पहिलं वाक्य काय, तर "केस पांढरे झाले तुझे." मी म्हटलं, "तुझे नाही झाले का?" म्हणाली, "माझे आधीच झाले होते." आणि आम्ही दोघी तिथेच, हमालांच्या मध्ये, रडायला लागलो. हे ती तुम्हाला सांगणार नाही.

प्रदर्शनात सगळी मंडळी जमलेली. काळे कोट, सोन्याच्या काड्यांचे चष्मे. मधोमध ऑक्टोपसची काच. चिठ्ठी लावलेली नव्हती, कुरामोचीसाहेबांनी जागा मोकळी ठेवली होती. मुनेकाता त्यांच्या कानाशी लागून काहीतरी समजावत होते. साहेबांनी आम्हाला पाहिलं आणि काठी टेकत समोर आले. ताईसमोर इतके खाली वाकले की मला वाटलं आता उठवायला धरावं लागणार. म्हणाले, "मी आपली फार वर्षं वाट पाहत होतो. नाव माहीत नव्हतं, म्हणून हाक मारता आली नाही."

ताईने काचेकडे बोट केलं. त्यांनी स्वतः कुलूप काढून ऑक्टोपस तिच्या तळहातावर ठेवला.

भाऊजी, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं आता रडेल. तिने तो उलटासुलटा केला, अंगठा मडक्यावरून फिरवला, डोळ्याजवळ नेला आणि म्हणाली, "ही उजवीकडची भुजा घाईत केलीय. वाटोळी व्हायला हवी होती." मग आणखी जवळ नेऊन, "आणि इथे कुणीतरी भेग बुजवलीय. बरी बुजवलीय." पैज मी हरले. पण 'बरी' म्हणाली!

मागून कुणीतरी हसलं. एक तरुण संग्राहक पुढे येऊन म्हणाला, "बाई, हे आपणच केलं याला पुरावा काय?" कुरामोचीसाहेब भडकून काही बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "काही नाही. एखादं शिंग आणा आणि मला जरा उजेडाची जागा द्या. फार वर्षांत केलेलं नाही, पहिलं बिघडेल. दुसरं बघा." ज्या आवाजात तुम्हाला ती जेवायला बसा म्हणते, त्याच आवाजात. तो तरुण मागे सरला.

मग साहेबांनी सोबत आणलेली कोरणी तिच्यापुढे धरली. म्हणाले, "ते खोटं नाव घासून टाका आणि आपलं घाला. वस्तू माझी आहे, मी परवानगी देतो."

तिने ऑक्टोपस पालथा केला. बुडाची ती अक्षरं बघत बसली. मग कोरणी परत दिली.

"राहू दे," ती म्हणाली. "बाबांचं अक्षर आहे. चांगलं होतं त्यांचं अक्षर. चिठ्ठीवर मात्र मी सांगते तसं लिहा."

तिने सांगितलं आणि साहेबांनी स्वतः कुंचल्याने लिहिलं: 'काम: उसुदा तोकिए, वय एकोणीस. सही: तिचे वडील उसुदा गिन्पेई यांनी केलेली. खोटी.'

मुनेकाता घसा साफ करून म्हणाले, "खोटी हा शब्द जरा कडक होतो, नाही का? 'उत्तरकालीन', म्हणजे नंतर घातलेली, म्हटलं तर..."

ताई त्यांच्याकडे वळली. "तुमच्या दुकानात याला उत्तरकालीन म्हणतात का?" तिने इतक्या साधेपणाने विचारलं, की ते बिचारे खरोखरच विचारात पडले.

चिठ्ठी लागली. ती अजून तिथेच आहे. मी काल पुन्हा जाऊन पाहून आले. लोक वाकून वाचतात, मग ऑक्टोपस बघतात, मग पुन्हा चिठ्ठी वाचतात. एक बाई आपल्या मुलीला म्हणत होती, "बघ, एकोणीस." आणि मुलगी म्हणत होती, "त्याचं तोंड बघ ना आई, आजोबांसारखं आहे."

गर्दी होती, भाऊजी. तेवढं मात्र तिने खरं सांगितलं.

कायो

*

असाकुसा
१२ डिसेंबर

ताई,

आता हे तुझ्यासाठी.

आधी दुकानाचं. मुनेकातांनी काम पाठवणं बंद केलं. आणखी काहींनी आपल्या वस्तू परत नेल्या, अगदी नम्रपणे, घरात अचानक लग्नकार्य निघाल्यासारख्या सबबी सांगून. मी नम्रपणे बांधून दिल्या. पण काही लोक आपल्या जुन्या वस्तू घेऊन आले आहेत आणि विचारताहेत, "बाई, हे खरं की खोटं, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल." मी सांगते. कुणी हसत जातं, कुणी तोंड पाडून. आज सकाळी साकेवाल्याच्या विधवेचं हरणाचं पिल्लू खरं निघालं तेव्हा आम्ही दोघींनी मिळून एक बाटली उघडली. हे पोट भरेल का? भरेल. कसं ते मला अजून दिसत नाही, पण भरेल.

ज्याच्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्या गाडीला वेळ होता तेव्हा, मी म्हटलं होतं, चल, यानाकाला बाबांच्या समाधीवर जाऊ. तू म्हणालीस, "माझे पाय दुखतात. मी इथे उएनोला तळ्याकाठी बसते, तू दुकानात जा." मी गेले. मला वाईट वाटलं होतं, पण म्हटलं, एवढं झालं तेच पुष्कळ.

परवा बाबांच्या महिन्याच्या तिथीला मी यानाकाला गेले. दगड स्वच्छ घासलेला. खाचांमधलं शेवाळसुद्धा काढलेलं, आणि ते काही साध्या घासणीने निघत नाही, त्याला कोरणारे हात लागतात. तेवढ्यात देवळातली भटजींची बायको आली. म्हणाली, "गेल्या महिन्यात आलेल्या त्या बाई तुमच्या कोण हो?"

मी विचारलं, "कोणत्या बाई?"

"जाड किमोनो, हातात माशांच्या वासाची पिशवी. पाणी घातलं, दगड घासला, उदबत्ती लावली. आणि मग काय बोलायला लागल्या, बाई गं! आम्ही आतून ऐकत होतो. एकेक जुनी गोष्ट काढून खडसावत होत्या. मध्येच रडत होत्या, मध्येच हसत होत्या. एकदा तर म्हणाल्या, 'आणि ती डाव्या हातात कोरणी धरायची सवय तुमचीच चुकीची होती!' आमचे हे म्हणाले, जाऊन समजूत घालू या का? मी म्हटलं, नका. हे भांडण घरचं आहे. आणि ते समाधीतले बुवाही गप्प ऐकून घेताहेत."

मी त्या बाईला सांगितलं, ती माझी थोरली बहीण.

तू बाबांना काय काय बोललीस ते मी विचारणार नाही. पण वसंतात तू येशील तेव्हा पाय दुखायचं निमित्त करू नकोस. आपण दोघी मिळून जाऊ. माझंही त्यांच्याशी थोडं बोलायचं राहिलं आहे.

तुझी
कायो